पेढी सोपवली, नागरिकत्व नाही

पाडव्याच्या सकाळी नव्या वहीवर ‘श्री’ लिहिण्याचा मान घरातल्या ज्येष्ठाचा. एखाद्या वर्षी मात्र तो ज्येष्ठ लेखणी मुलाच्या हाती देतो, तिजोरीच्या किल्ल्या गादीवर ठेवतो आणि थोडा बाजूला सरकून बसतो. त्यावर फारसे कोणी बोलत नाही. पण पेढीवरचा एक काळ संपला हे घरातल्या सर्वांना कळते. पुढचे सोपस्कार कागदोपत्री होतात. भागीदारीचा करार नव्याने लिहिला जातो, बँकेतील स्वाक्षरीचा नमुना बदलतो, जीएसटीच्या नोंदणीत दुरुस्ती होते, ठेवींवर व डीमॅट खात्यावर नामनिर्देशन होते, साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केले जाते. व्यापारी कुटुंबांना हे शिकवावे लागत नाही. वेळेवर हस्तांतर न केल्याने मोडलेल्या पेढ्यांच्या कथा प्रत्येक बाजारपेठेत ऐकायला मिळतात.

या संपूर्ण यादीत एक गोष्ट कधीच नसते, कारण तिचे हस्तांतर होऊ शकत नाही. ती म्हणजे मताचा अधिकार. मालमत्तेच्या व्यवहारासाठी मुखत्यारपत्र देता येते, कंपनीच्या सभेला आपल्या वतीने प्रतिनिधी पाठवता येतो. परंतु सार्वत्रिक निवडणुकीत, सैन्यदलांतील मतदारांसारखे मोजके अपवाद वगळता, एकाचे मत दुसऱ्याला देता येत नाही. त्याला वारस नाही आणि नामनिर्देशनही नाही. शिवाय ते भांडवलाच्या प्रमाणात मिळत नाही. कंपनीत जितके भाग तितकी मते. प्रजासत्ताकात मात्र पेढीचा मालक आणि त्याच पेढीवर पोती उचलणारा हमाल एकाच रांगेत उभे राहतात आणि दोघांच्या बोटाला एकच शाई लागते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढील आपल्या समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगतीकडे लक्ष वेधले होते. ती विसंगती अजून मिटलेली नाही. परंतु निदान त्या रांगेपुरती ती स्थगित होते, आणि किल्ल्या सोपवलेल्या माणसाकडेही त्या रांगेतील जागा पूर्वीइतकीच शिल्लक राहते.

प्रश्न त्या जागेचे पुढे काय करायचे हा आहे. वयाच्या पासष्टीला किंवा सत्तरीला पोहोचलेल्या अनेकांचे उत्तर ठरलेले असते. आता आपल्याला काय करायचे आहे? आपली वर्षे किती उरली? ज्यांचे आयुष्य पुढे आहे त्यांनी पाहावे. या उत्तराला परंपरेचाही आधार दिला जातो. श्रावकाच्या अकरा प्रतिमांमध्ये, दिगंबर परंपरेतील क्रमानुसार, आठवी आरंभत्यागाची, नववी परिग्रहत्यागाची आणि दहावी अनुमतित्यागाची आहे. व्यवसाय सुटला, संग्रह सुटला, अखेर संसारातील कामांना संमती देणेही सुटले, अशी ही चढती पायरी आहे. मग राज्यकारभाराविषयी मत बाळगणे हा एक पाश नव्हे काय, असा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणारी माणसे आहेत आणि त्यांचा आदरच करायला हवा.

परंतु बहुसंख्य ज्येष्ठ त्या पायरीवर पोहोचलेले नसतात, हे त्यांनाही ठाऊक असते. संध्याकाळी दुकानातील रोजमेळ त्यांच्यासमोर यावाच लागतो. नातवाच्या लग्नात जेवणाचे पान किती रुपयांना ठरले, हे त्यांना विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्यागाची आठवण नेमकी मतदानाच्या दिवशी किंवा सोसायटीच्या सभेच्या दिवशी होते, तेव्हा तिला वैराग्य म्हणणे कठीण आहे. शिवाय नळाचे पाणी, रस्त्यावरचा दिवा, सरकारी रुग्णालय आणि ठेवीवरील विमा यांचा उपभोग चालू असेपर्यंत त्यांच्या हिशेबाची जबाबदारीही चालूच राहते. दहाव्या प्रतिमेचा गृहस्थापुरता एक अर्थ घ्यायचाच झाला, तर तो वेगळाही घेता येईल. घरातील इतरांच्या निर्णयांवरील आपला हक्क सोडणे, असा तो अर्थ. मतदानाच्या आदल्या रात्री जेवताना ‘आपल्या घरची मते अमुकला’ असे जाहीर करणारे ज्येष्ठ पुष्कळ आहेत. सून आणि नातू मान डोलावतात. गुप्त मतदानाचा कायदा घराच्या उंबरठ्याबाहेर पाळला जातो आणि उंबरठ्याच्या आत मोडतो. सोडायचीच असेल तर ही अनुमती आधी सोडावी.

वृद्धाने सार्वजनिक कामात राहावे की राहू नये, हा वाद लोकशाहीइतकाच जुना आहे, आणि लोकशाहीचे पहिले प्रयोग ज्या ग्रीसमध्ये झाले तेथेच तो प्रथम नीट मांडला गेला. स्पार्टा या नगरराज्यात साठी ओलांडलेल्या अठ्ठावीस जणांची एक परिषद असे. दोन राजे धरून तिचे तीस सभासद होत. एकदा निवड झाली की ती तहहयात. ॲरिस्टॉटलला ही रचना पसंत नव्हती. शरीराप्रमाणे बुद्धीलाही वार्धक्य येते, म्हणून महत्त्वाच्या खटल्यांचे निवाडे करणारी माणसे आयुष्यभर पदावर राहणे धोक्याचे आहे, असे त्याने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात मांडले. त्याचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. या वडीलधाऱ्यांच्या कारभाराची तपासणी होत नसे. अथेन्समध्ये अधिकारी पदावरून उतरला की त्याच्या हिशेबांची छाननी होई. स्पार्टाच्या ज्येष्ठांना त्यातून सूट होती. ज्याने आयुष्यभर वह्या ठेवल्या आहेत त्याला या आक्षेपाचे वजन समजावून सांगण्याची गरज नाही. माणूस कितीही वंदनीय असो, त्याची वही तपासली जात नसेल तर शिल्लक जुळते आहे की नाही हे कोणालाच कळत नाही.

सुमारे चार शतकांनंतर प्लुटार्क याने नेमक्या याच प्रश्नावर एक निबंध लिहिला आणि उलट कौल दिला. वृद्धाने सार्वजनिक जीवन सोडू नये, असे तो सांगतो. मात्र त्याचा सल्ला काळजीपूर्वक वाचला तर ॲरिस्टॉटलशी त्याचे फारसे भांडण उरत नाही. वृद्धाने प्रत्येक पदासाठी धडपडू नये, लहान पदे तरुणांसाठी मोकळी ठेवावीत, सभेत बसावे पण उठसूट व्यासपीठाकडे धावू नये, चुकणाऱ्या तरुणाला चारचौघांत न झिडकारता एकांतात सांगावे, आणि यशाचे श्रेय त्याला घेऊ द्यावे. थोडक्यात, प्लुटार्क वृद्धाला सभा सोडू देत नाही आणि ॲरिस्टॉटल त्याला खुर्चीवर कायमचा बसू देत नाही. दोघांच्या मधल्या जागेतच उत्तरायुष्यातील नागरिकत्व राहते.

प्लुटार्कचे आणखी एक स्मरण व्यापारी वाचकाला विशेष आवडेल. रोमन साम्राज्यात नाव मिळवल्यावरही तो आपल्या केरोनिया या लहानशा गावातच राहिला. तेथे बांधकामासाठी येणारी कौले मोजून घेणे, दगड व गिलाव्याचा माल उतरवताना उभे राहणे असली कामे तो स्वतः करी. लोक हसत. त्यावर त्याचे म्हणणे असे, की हे काम स्वतःसाठी केले असते तर हलके ठरले असते. ते गावासाठी आहे. माल मोजून घेणे ज्याला कमीपणाचे वाटत नाही, अशा वर्गाने हे उदाहरण जवळचे मानावे. रस्त्यावर पडलेल्या खडीचा थर किती इंच आहे, हे नगरातील सर्वांत विद्वान माणसापेक्षा सर्वांत अनुभवी व्यापाऱ्याला लवकर दिसते.

भारतात असे काही घडले आहे काय? घडले आहे, आणि त्याचा लाभ प्रत्यक्ष लाखो घरांत पोहोचला आहे. हरि देव शौरी हे सरकारी सेवेतून निवृत्त झालेले अधिकारी. १९८० साली, सत्तरीच्या आसपास असताना, त्यांनी दिल्लीत ‘कॉमन कॉज’ ही संस्था स्थापन केली. पक्ष नाही, मोर्चा नाही. सर्वसामान्य माणसाची अडचण शोधायची, कागद जमवायचे, आधी पत्रव्यवहार करायचा आणि उत्तर न मिळाल्यास न्यायालयात जायचे, अशी कार्यपद्धती. एका दृष्टीने पाहिले तर निवृत्त अधिकाऱ्याला जे जमते तेच त्यांनी केले. टिपण लिहिणे, फाईल पुढे सरकवणे आणि स्मरणपत्र पाठवणे. फरक एवढाच, की या वेळी फाईल नागरिकाची होती.

संस्थेच्या पहिल्याच काळातील एक प्रकरण निवृत्तिवेतनाचे. २५ मे १९७९ रोजी केंद्र सरकारने निवृत्तिवेतन मोजण्याची नवी, अधिक उदार पद्धत लागू केली. परंतु ती ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच. म्हणजे ३० मार्चला निवृत्त झालेला आणि ३१ मार्चला निवृत्त झालेला, पद एकच, सेवा तेवढीच, बाजारातील डाळ-तांदळाचा भावही एकच. परंतु निवृत्तिवेतनाचे गणित निराळे. १९७२ साली संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले डी. एस. नाकरा आणि सैन्यदलातील एक निवृत्त अधिकारी यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिसरी याचिकाकर्ती होती शौरींची संस्था. संस्थेला स्वतःला निवृत्तिवेतन मिळत नव्हते, तेव्हा तिला दाद मागण्याचा अधिकार आहे काय, हाही मुद्दा निघाला. न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. जे विखुरलेले आहेत, वृद्ध आहेत आणि ज्यांना प्रत्येकी वकील लावणे परवडणारे नाही, त्यांच्या वतीने कोणीतरी उभे राहिले पाहिजे, ही त्यामागील भूमिका.

१७ डिसेंबर १९८२ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. यशवंत विष्णू चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते, निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांचे आहे. निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा नव्हे आणि बक्षीसही नव्हे, ते केलेल्या सेवेचे देणे आहे आणि वृद्धापकाळातील सामाजिक सुरक्षेचे साधन आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. एकाच वर्गातील माणसांची केवळ तारखेवरून केलेली विभागणी समतेच्या हक्काला छेद देते, म्हणून ती तारखेची अट रद्द झाली. जुन्या निवृत्तांना मागची थकबाकी मिळाली नाही, पण नव्या पद्धतीने फेरगणना झाली. देशभरातील निवृत्तिवेतनधारक १७ डिसेंबर हा दिवस आजही साजरा करतात. त्या दिवशी हारतुरे होतात, भाषणे होतात. या याचिकेमागे एका निवृत्त माणसाने काढलेली संस्था होती, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते.

शौरी तेथेच थांबले असते तर आपल्या वर्गाचे हित पाहणारा एक निवृत्त अधिकारी, एवढीच त्यांची नोंद झाली असती. परंतु पुढील प्रकरणे पाहिली की दिशा बदललेली दिसते. १९९६ च्या जानेवारीत त्यांच्या संस्थेच्या याचिकेवर रक्तपेढ्यांसंबंधी निकाल आला. पैसे घेऊन वारंवार रक्त विकणाऱ्यांकडून रक्तसंकलन बंद करणे, रक्तपेढ्यांना परवाना सक्तीचा करणे आणि देखरेखीसाठी राष्ट्रीय परिषद नेमणे हे त्यातून घडले. आज शस्त्रक्रियेच्या वेळी मिळणारी रक्ताची पिशवी ज्या नियमांतून जाते, त्यांतील काहींचे मूळ तेथे आहे. त्याच वर्षी राजकीय पक्षांच्या हिशेबाचे प्रकरण निकाली निघाले. आयकर कायद्यानुसार पक्षांना विवरणपत्र भरणे बंधनकारक होते. अनेक पक्षांनी वर्षानुवर्षे ते भरलेच नव्हते. एखाद्या किराणा दुकानदाराला विलंबाचा दंड होतो आणि राज्य चालवू पाहणाऱ्या पक्षाला होत नाही, ही विसंगती न्यायालयापुढे मांडायला एका ऐंशी ओलांडलेल्या माणसाची चिकाटी उपयोगी पडली. शौरी २००५ मध्ये वारले. संस्था थांबली नाही. निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरवणाऱ्या १५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालातील याचिकाकर्त्यांमध्येही ती होती. संस्थापक गेल्यावर एकोणीस वर्षांनी जिच्या वह्या चालू राहतात, त्या पेढीचे हस्तांतर नीट झाले होते असेच म्हणावे लागेल.

महाराष्ट्राच्या मातीतले उदाहरण हवे असेल तर सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे आठवावेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदावरून ते १९६९ मध्ये बाहेर पडले आणि सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासह त्यांनी ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’ ही संघटना उभी केली. तेव्हा जयप्रकाश बहात्तर वर्षांचे होत होते आणि तारकुंडे पासष्टचे. निवडणूक सुधारणांचा विचार करण्यासाठी जयप्रकाशांनी जी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद तारकुंड्यांकडे होते. समितीचा अहवाल १९७५ च्या आरंभी आला. त्यातील एक शिफारस अशी, की मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणावे.

या शिफारशीपाशी क्षणभर थांबले पाहिजे. पासष्टी-सत्तरीतील माणसे अठरा वर्षांच्या मुलांना मत मागत होती. मतदारांची संख्या वाढली की प्रत्येक जुन्या मताचे वजन तेवढ्या प्रमाणात घटते. नवे भाग काढले की जुन्या भागधारकाचा हिस्सा पातळ होतो, हे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पहिल्या वर्षाला शिकतो. सत्ता वाटून घेतल्याने आपला वाटा कमी होणार हे ठाऊक असूनही ती वाटावी, असे सांगणारे हे ज्येष्ठ होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये ते वय अठरा झाले. जयप्रकाश तोवर हयात नव्हते. आणीबाणीतील कैदेत त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले होते. तारकुंड्यांनी मात्र तो दिवस पाहिला. १९७६ मध्ये या दोघांच्या पुढाकाराने निघालेली ‘पीयूसीएल’ ही संघटना पुढे उमेदवारांच्या माहितीच्या लढ्यातही उतरली. उमेदवाराने आपली मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले शपथपत्रावर जाहीर करावेत, हा नियम २००२ व २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून पक्का झाला. कर्ज देण्यापूर्वी बँक जे कागद मागते, जवळपास तेच कागद आता मतदाराला उपलब्ध आहेत. ते किती मतदार वाचतात हा निराळा, आणि थोडा लाजिरवाणा, प्रश्न आहे.

एवढी मोठी नावे वाचून सामान्य ज्येष्ठाने दडपून जाण्याचे कारण नाही. दिल्लीपर्यंत जाण्याची गरजच पडू नये इतके काम गल्लीत आहे. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ या शहरांत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाकडे होता. राज्यातील इतर अनेक महापालिकांतही तेच झाले. या अवधीत अर्थसंकल्प मंजूर झाले, कर वसूल झाले, रस्ते खोदले गेले. पंधरा दिवसांच्या उधारीवर माल देऊन सोळाव्या दिवशी दूरध्वनी करणाऱ्या किती व्यापाऱ्यांनी, आपल्या प्रभागाला प्रतिनिधी का नाही, हे विचारले? प्रश्न टोचणारा आहे. पण न विचारण्यामागे निव्वळ आळस नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. दुकानाला परवाने लागतात. वजनमापे, अन्नपदार्थ, पाटी, अग्निशमन अशी तपासणीची कारणे पुष्कळ असतात. प्रश्न वडिलांनी विचारावा आणि निरीक्षक मुलाच्या दुकानात यावा, ही भीती काल्पनिक नाही. पेढी सोपवली तरी पेढीची काळजी सोपवता येत नाही, आणि व्यापारी ज्येष्ठाच्या नागरिकत्वाची खरी कसोटी येथेच लागते.

या भीतीवर एकट्याचे धैर्य हा उपाय सुचवणे सोपे आहे, पण ते योग्य नव्हे. शौरींनी एकट्याने पत्रे लिहिली नाहीत, संस्था काढली. त्यामागे हेच व्यवहारज्ञान होते. महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांना तर त्याचा वारसाच आहे. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना केली, ती व्यापाऱ्याने सरकारशी एकेकट्याने न बोलता एकत्र बोलावे म्हणूनच. बाजारपेठेतील पाच निवृत्त माणसांनी एकत्र सही केलेले पत्र कोणा एका दुकानाचे राहत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज तर त्याहून सोपा. महाराष्ट्रात दहा रुपये शुल्क, विषय एक, मजकूर शक्यतो दीडशे शब्दांत. माहिती कशासाठी हवी हे अर्जदाराला विचारण्याची कायद्यात मुभा नाही आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आपल्या रस्त्याच्या कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि ठेकेदाराच्या हमीचा कालावधी, एवढेच मागितले तरी पुष्कळ कळते. ज्याने आयुष्यभर पावत्या पडताळल्या, त्याला मोजमाप पुस्तिका वाचणे अवघड नाही.

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा ही त्याहूनही जवळची पाठशाळा. ३० सप्टेंबरपूर्वीच्या एखाद्या रविवारी ती बोलावली जाते, गणसंख्या भरत नाही, अर्धा तास तहकूब होते आणि मग जमलेल्या सात-आठ जणांत वर्षाचा जमाखर्च दहा मिनिटांत मंजूर होतो. सिंकिंग फंड कोठे गुंतवला, लेखापरीक्षकाने कोणते दोष दाखवले आणि मागच्या वर्षीच्या दोषांची पूर्तता झाली काय, हे तीन प्रश्न विचारायला अर्धा तास लागतो. मात्र हे विचारण्याचा सूरही महत्त्वाचा आहे. काही ज्येष्ठ सभेत हिशेब मागत नाहीत, सूड मागतात. १९९४ साली आपण सचिव असताना टाकी किती रुपयांत झाली होती, याची कथा दरवर्षी ऐकवतात. तरुण पदाधिकारी कंटाळून राजीनामा देतात आणि मग ‘आजची पिढी जबाबदारी घेत नाही’ अशी तक्रार सुरू होते. प्लुटार्कचा एकांतात सांगण्याचा सल्ला येथे भिंतीवर लावण्यासारखा आहे.

सार्वजनिक न्यासांचा विषय अधिक नाजूक आहे, म्हणून तो टाळला जातो. मंदिर, धर्मशाळा, पांजरापोळ, वसतिगृह, औषधपेढी अशा कितीतरी संस्था व्यापारी घराण्यांच्या दानावर उभ्या आहेत आणि त्यांचे विश्वस्त पुष्कळदा पंचवीस-तीस वर्षे तेच असतात. हेतू निर्मळ असतो. परंतु प्रकृती साथ देत नाही, सभा घरच्या बैठकीच्या खोलीत होऊ लागतात, इतिवृत्त नंतर लिहिले जाते, आणि विश्वस्तबदलाची सूचना धर्मादाय कार्यालयाला नव्वद दिवसांत द्यायची असते ती वर्षानुवर्षे राहून जाते. एखाद्या विश्वस्ताच्या निधनानंतर बँकेतील खाते चालवायला अधिकृत स्वाक्षरीच उरत नाही, अशी वेळ येते. तोवर वसतिगृहाचे वीजबिल थकलेले असते. ज्या माणसाने आपली पेढी वेळेवर सोपवली तोच देवाची पेढी सोपवायला तयार नसतो, हे विचित्र वाटते, पण खरे आहे. येथे ॲरिस्टॉटलचे ऐकावे लागते. खुर्ची सोडलेला विश्वस्त सभेला येऊन पहिल्या ओळीत बसला, तर त्याच्या अनुभवाचा न्यासाला तोटा होत नाही.

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. निवृत्तांच्या हाती आता भ्रमणध्वनी आहे आणि दुपार मोकळी आहे. हुंडीवरील सही दहादा निरखणारा, नव्या गिऱ्हाइकाची पत चार ठिकाणी विचारणारा माणूस, कोणी लिहिला हे ठाऊक नसलेला संदेश क्षणात पन्नास जणांना पाठवतो. त्यात एखाद्या समाजाविषयी विखार असतो, एखाद्या मृत नेत्याच्या तोंडी घातलेले वाक्य असते, कधी बँक बुडाल्याची अफवा असते. पाठवणाऱ्याच्या वयामुळे आणि प्रतिष्ठेमुळे घरातील लहानांना ते खरे वाटते. सत्याणुव्रताच्या अतिचारांत खोटा उपदेश आणि खोटे लेखन यांचा स्पष्ट उल्लेख आहे; तो संदेश पुढे पाठवणाऱ्या बोटालाही लागू पडतो असे मानायला हरकत नसावी. अफवेने ठेवीदारांची रांग लावता येते, हे ज्यांनी एकदा पाहिले आहे त्यांना अधिक सांगणे नको.

शरीर थकले की मतदान केंद्रापर्यंत जाणेही जड होते. त्याची सोय आता कायद्याने केली आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांना घरून टपाली मतदानाचा पर्याय होता. अधिसूचनेनंतर पाच दिवसांच्या आत ‘१२ डी’ हा नमुना भरून द्यायचा. मग कर्मचाऱ्यांचे पथक ठरलेल्या दिवशी घरी येते, चित्रीकरण होते, परंतु मतपत्रिकेवरील खूण मतदार आडोशाला एकट्यानेच करतो. त्या दोन मिनिटांत घरच्यांनी खोलीबाहेर जावे. आजोबांना दिसत नाही, हात थरथरतो, म्हणून मदतनीस हवा असेल तर तो नियमाने मिळतो. पण मदत खुणेला आहे, निवडीला नाही.

हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यात कल्पा नावाचे गाव आहे. तेथील शिक्षक श्याम सरन नेगी यांनी १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये, देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत दिले. बर्फ पडून वाटा बंद होण्याआधी तेथील मतदान उरकावे म्हणून ते देशातील बहुतेक भागांच्या काही महिने आधी घेतले गेले होते, आणि स्वतः निवडणुकीच्या कामावर असलेल्या नेगींना दुसऱ्या गावी जायचे असल्याने त्यांनी सकाळीच मत दिले. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून निवडणूक आयोगाने पुढे त्यांचा गौरव केला. त्यानंतरच्या निवडणुकांतही ते मत देत राहिले. २०२२ मध्ये हिमाचलच्या विधानसभेसाठी १२ नोव्हेंबर ही मतदानाची तारीख होती. नेगी तेव्हा एकशे पाच वर्षांचे होते आणि प्रकृती खालावली होती. २ नोव्हेंबरला निवडणूक कर्मचारी त्यांच्या घरी आले, अंगणात मतदानाचा आडोसा उभा केला, त्यांनी मतपत्रिकेवर खूण करून लिफाफा पेटीत टाकला आणि बोटाला शाई लावून घेतली. ५ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. बाकीच्या हिमाचलचे मतदान अजून एक आठवड्यावर होते.